हृदयपेशीचे एक दार आणि आपले प्रिस्क्रिप्शन

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. साठी ओलांडलेल्या एका बाईंना त्यांच्या मुलाने रात्री दाखल केले. तीन दिवस जुलाब व उलट्या चालल्या होत्या. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात त्या अचानक कोसळल्या, हातपाय ताठ झाले आणि अर्ध्या मिनिटात शुद्धीवर आल्या. तासाभराने पुन्हा तोच प्रकार घडला. घरच्यांनी ‘फिट आली’ असे सांगितले व मीही ते मान्य केले. डोक्याचा सीटी स्कॅन निर्दोष निघाला. फिट थांबविण्याचे औषध सुरू करून मी घरी गेलो.

पहाटे तीन वाजता परिचारिकेचा फोन आला. मॉनिटरवर हृदयाची लय बिघडली होती. ईसीजीची उंच टोके एका अदृश्य रेषेभोवती पीळ घातल्यासारखी खाली-वर फिरत होती. शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट दिले आणि लय सावरली. रक्तातील पोटॅशियम २.६ निघाले. मग मी दाखल होतानाचा ईसीजी पुन्हा हातात घेतला. कागदाच्या कोपऱ्यात यंत्राने स्वतःच छापले होते : क्यूटीसी ५४० मिलिसेकंद. त्याच्याच खाली माझी सही होती. एसटी भाग पाहिला, लय पाहिली, हार्ट अटॅक नाही याची खात्री केली आणि सही करून मोकळा झालो होतो.

सकाळी मुलाने विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, आईला दिलेली तिन्ही औषधं बरोबर होती ना?’’ तीन औषधे म्हणजे रक्तदाबासाठी वर्षानुवर्षे चाललेली लघवी वाढविणारी गोळी, जुलाबांसाठी क्विनोलोन वर्गातील अँटिबायोटिक आणि उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन. एकेकटे पाहिले तर प्रत्येक औषध बरोबर होते. मग चुकले कोठे? या प्रश्नाचे उत्तर हृदयाच्या स्नायुपेशीच्या पटलात बसलेल्या एका प्रथिनापाशी जाऊन पोहोचते. गेल्या काही दशकांत त्या प्रथिनावर झालेले संशोधन आपल्या रोजच्या प्रिस्क्रिप्शनशी इतके निगडित आहे की, यंदाच्या स्मरणिकेसाठी मी हाच विषय निवडला.

जे वाचक डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी थोडे प्राथमिक. आपली प्रत्येक पेशी स्निग्ध द्रव्याच्या अतिशय पातळ पटलाने वेढलेली असते. पाण्यात विरघळलेले विद्युतभारित कण, म्हणजे आयन, या स्निग्ध पटलातून आपण होऊन जाऊ शकत नाहीत. पेशीच्या आत पोटॅशियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते, तर बाहेर जेमतेम ४. सोडियमचे नेमके उलट असते. कॅल्शियमची तफावत तर अशी की, विश्रांतीच्या वेळी बाहेरचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजारपट असते. धरणाच्या भिंतीमागे पाणी साठावे तशी ही विषमता पेशी अहोरात्र ऊर्जा खर्चून राखते, आणि त्या भिंतीतील झडपा म्हणजे आयन चॅनेल. ही चॅनेले प्रथिनांची असतात आणि भलत्याच चोखंदळपणे वागतात. पोटॅशियमचे चॅनेल पोटॅशियमला वाट देते. आकाराने त्याहून लहान असलेल्या सोडियमला मात्र अडवते. हे कसे साधते, याचा उलगडा रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली एका जीवाणूच्या चॅनेलची रचना उकलून केला व २००३ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्यात असताना आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे असते. चॅनेलच्या अरुंद भागातील ऑक्सिजन अणू अशा नेमक्या अंतरावर बसविलेले आहेत की, पोटॅशियमने ते कडे टाकले तरी त्याला तेवढाच आधार मिळतो. लहान सोडियमला हे अणू दूर पडतात, म्हणून पाण्याची सोबत सोडणे त्याला परवडत नाही.

हृदयाच्या जवनिकेतील पेशी उद्दीपित होते तेव्हा प्रथम सोडियमचे चॅनेल क्षणार्धात उघडून मिटते. उणे ८५ मिलिव्होल्टच्या आसपास असलेले विभवांतर शून्याच्या वर उडी घेते. मज्जातंतूत हा खेळ एक-दोन मिलिसेकंदांत संपतो. हृदयपेशीत मात्र तो सुमारे ३०० मिलिसेकंद चालतो, कारण मध्ये कॅल्शियम आत येत राहते व विभवांतर एका पठारावर रेंगाळते. हेच कॅल्शियम स्नायूला आकुंचन पावायला लावते. पठार संपवायचे तर पोटॅशियम बाहेर पडले पाहिजे. ईसीजीवर क्यू तरंगाच्या आरंभापासून टी तरंगाच्या अखेरपर्यंतचे अंतर, म्हणजेच क्यूटी, हा या सर्व पेशींच्या उठण्या-बसण्याचा एकत्रित हिशेब असतो. आपण कागदावर मिलिमीटर मोजतो तेव्हा वस्तुतः प्रथिनांची उघडझाप मोजत असतो.

पठार संपविणाऱ्या पोटॅशियम चॅनेलांपैकी जे प्रमुख, त्याचे नाव हर्ग. नावाची कथा गमतीची आहे. कॅप्लान व ट्राउट हे दोघे संशोधक फळमाशांवर प्रयोग करीत असत. ईथरने बेशुद्ध केल्यावर काही उत्परिवर्तित माशांचे पाय थरथर नाचत. १९६९ साली त्यांनी हा दोष प्रसिद्ध केला. त्या काळी अमेरिकेत ‘गो-गो’ नाचाचे वेड होते. त्यावरून त्या जनुकाला ‘ईथर-अ-गो-गो’ असे नाव मिळाले. १९९४ मध्ये वॉर्मके व गॅनेट्झकी यांना माणसात त्याचे भावंड सापडले, तेही हृदयात नव्हे, तर मेंदूतून मिळविलेल्या जनुकसंग्रहात. ‘ह्यूमन ईथर-अ-गो-गो रिलेटेड जीन’ या लांबलचक नावातील आद्याक्षरे म्हणजे ‘हर्ग’. लगेच पुढच्या वर्षी, १९९५ मध्ये, युटा येथील मार्क कीटिंग यांच्या गटाने दाखविले की, काही कुटुंबांत पिढ्यानुपिढ्या आढळणाऱ्या लांब क्यूटीच्या विकाराचे मूळ याच जनुकात आहे. त्याच वर्षी सँग्विनेटी व सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, हृदयपेशीतील ज्या जलद पोटॅशियम प्रवाहाचा शोध ते आधीपासून घेत होते, तो हर्गच वाहून नेते. माशीच्या थरथरत्या पायांपासून माणसाच्या आकस्मिक मृत्यूपर्यंत पोहोचायला २६ वर्षे लागली. माश्यांवरील संशोधनाला कोणी निरुपयोगी म्हटले की मला हे उदाहरण आठवते.

हर्गची चालही इतर चॅनेलांहून वेगळी आहे. दाराला पल्ला आणि कडी असे दोन भाग असतात असे समजू. विभवांतर वर गेले की पल्ला सावकाश उघडतो. पण त्याहून झटपट आतली कडी पडते. त्यामुळे पठाराच्या काळात, दार उघडे असूनही, फारसे पोटॅशियम बाहेर जात नाही. विभवांतर उतरू लागले की उलटा क्रम सुरू होतो. कडी चटकन निघते, पल्ला मात्र रेंगाळत मिटतो. या मधल्या वेळेत पोटॅशियमचा लोंढा बाहेर जातो आणि पेशीला विश्रांतीच्या स्थितीत आणून बसवतो. थोडक्यात, येताना नव्हे तर परतताना काम करणारे हे दार आहे. त्या काळात अवेळी एखादे स्पंदन आलेच तर त्याला परतविण्याचे कामही तेच करते.

आता दार बंद राहिले तर काय होईल? पठार लांबेल, क्यूटी लांबेल. पठारावर रेंगाळलेल्या पेशीत कॅल्शियमचे चॅनेल पुन्हा जागे होऊ लागते आणि स्पंदन पुरते संपण्यापूर्वीच दुसरी उसळी येते. सर्व पेशींत हे एकसारखे घडत नसल्याने विद्युतलहरी वाट मिळेल तिकडे भरकटतात. १९६६ मध्ये फ्रान्सच्या देसरतेन यांनी या पिळदार लयीला ‘तोर्साद द प्वांत’ असे नाव दिले. ही लय पुष्कळदा आपोआप थांबते, म्हणून रुग्ण शुद्धीवर येतो व आपण त्याला फिट समजतो. थांबली नाही तर जवनिकांचे कंपन सुरू होऊन मृत्यू येतो.

हे दार जन्मजात दोषानेच बिघडते असे नाही. औषधांनीही ते बंद पडते, ही गोष्ट टरफेनाडीनने जगाला शिकविली. सर्दी-अ‍ॅलर्जीवरचे, झोप न आणणारे हे औषध १९८५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि अफाट खपले. १९९० मध्ये ३९ वर्षांच्या एका स्त्रीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. टरफेनाडीनबरोबर बुरशीवरचे किटोकोनॅझोल घेतल्यावर ती वारंवार बेशुद्ध पडू लागली होती. ईसीजीवर तोर्साद दिसले. उलगडा पुढील काही वर्षांत झाला. तोंडावाटे घेतलेले टरफेनाडीन यकृतात जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या पदार्थात बदलते. अ‍ॅलर्जी शमविण्याचे खरे काम तो पदार्थ करतो आणि हर्गला तो धक्का लावत नाही. किटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन हे रूपांतर अडवते. मग मूळ टरफेनाडीन रक्तात साचते व हर्गच्या पोकळीत जाऊन बसते. औषध अखेर १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले. त्याचे निरुपद्रवी रूपांतर म्हणजेच आज आपण सर्रास लिहितो ते फेक्सोफेनाडीन. त्यापाठोपाठ अ‍ॅस्टेमिझोल गेले, सिसाप्राइड गेले. सिसाप्राइडची विक्री अमेरिकेत २००० मध्ये थांबली. आपल्याकडे त्यावर बंदी यायला फेब्रुवारी २०११ उजाडला. मधल्या अकरा वर्षांबद्दल काय बोलावे?

एकमेकांशी रासायनिक नाते नसलेली इतकी औषधे याच चॅनेलमध्ये का अडकतात? अ‍ॅलर्जीची, जुलाबाची, मनोविकाराची, हिवतापाची औषधे, आणि बळी एकच. हर्गचे चार सारखे भाग मध्ये वाट ठेवून उभे असतात. प्रत्येक भागात ११५९ अमिनो आम्ले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले की, वाटेच्या आतील बाजूस प्रत्येक भागाची ६५२ क्रमांकाची टायरोसीन व ६५६ क्रमांकाची फिनिलअ‍ॅलनीन ही दोन अमिनो आम्ले औषधाला धरून ठेवतात. चार भागांची मिळून अशी आठ वलये होतात. बहुतेक औषधांच्या रेणूत वलय असतेच, त्यामुळे त्यांना येथे जणू आयती बैठक मिळते. ही पोकळी प्रशस्त असावी असा पुष्कळ वर्षे समज होता. २०१७ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हर्गची प्रत्यक्ष प्रतिमा मिळाली, तेव्हा मधली पोकळी लहानच निघाली. मात्र तिच्या कडेला चार खोल खोबणी दिसली. औषधे त्या खोबणींचा आधार घेत असावीत असा तर्क आहे.

काही औषधे दार अडवीत नाहीत, तर दार घरापर्यंत पोहोचूच देत नाहीत. हर्ग पेशीच्या आत घडते, नीट घडी घालून पटलाकडे पाठविले जाते. जन्मजात दोष असलेल्या पुष्कळ रुग्णांत घडी चुकलेले प्रथिन वाटेतच अडवून नष्ट केले जाते. रक्ताच्या कर्करोगावरचे आर्सेनिक ट्रायऑक्साइड आणि काळा आजारावर वापरलेले पेंटामिडीन हीदेखील या वाहतुकीत व्यत्यय आणतात. असा परिणाम दिसायला काही तास वा दिवस लागतात, म्हणून पहिल्या मात्रेनंतरचा ईसीजी निर्दोष दिसला तरी फसगत होऊ शकते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. ऑनडॅनसेट्रॉन हर्ग अडवते. शिरेतून एकदम देण्याची ३२ मिलिग्रॅमची मात्रा अमेरिकेत २०१२ मध्ये याच कारणाने मागे घेण्यात आली. क्विनोलोन वर्गातील औषधेही कमीअधिक प्रमाणात तेच करतात. लघवीच्या गोळीने आणि जुलाबांनी पोटॅशियम व मॅग्नेशियम दोन्ही वाहून गेले. येथे एक विरोधाभास आहे, जो मला विद्यार्थिदशेत कोणी समजावून सांगितला नव्हता. बाहेरचे पोटॅशियम घटले की आत-बाहेरची तफावत वाढते, मग पोटॅशियम अधिक वेगाने बाहेर पडायला हवे. हर्गच्या बाबतीत उलट घडते. बाहेर पोटॅशियम कमी असले की कडी अधिक घट्ट पडते, औषधही अधिक घट्ट बसते आणि प्रवाह घटतो. पोटॅशियम ४.५ ते ५ च्या दरम्यान राखावे, असे तोर्सादच्या उपचारात सांगतात, त्याचे कारण हे आहे.

तरीही एवढ्याने प्रत्येकाला तोर्साद होत नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे डॅन रोडन यांनी यासाठी राखीव क्षमतेची कल्पना मांडली. हर्गच्या जोडीला दुसरे, सावकाश उघडणारे पोटॅशियम चॅनेल असते. एक अडले तर दुसरे भार उचलते. गाठीशी चार पैसे असलेल्या घराला एखादा आजार, एखादे लग्न झेपते. तिन्ही खर्च एकदम आले म्हणजे ते घर कर्जात जाते. तसेच हे आहे. स्त्रियांत ही शिल्लक मुळातच थोडी कमी असते, आणि औषधाने होणाऱ्या तोर्सादच्या रुग्णांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया असतात. त्यात वय, मंद नाडी, हृदयाची कमजोरी, किंवा आजवर कधीच प्रकट न झालेला जन्मजात दोष. आमच्या बाईंच्या बाबतीत एकच औषध चुकले असे नव्हते. आपण औषधे एकेक करून तपासतो, पेशीला ती एकत्र भेटतात.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. व्हेरापामिल हर्गला चांगलेच अडवते, पण ते कॅल्शियमचे चॅनेलही अडवत असल्याने दुसरी उसळी उठत नाही व तोर्साद सहसा होत नाही. अमिओडॅरोनने क्यूटी बराच लांबतो, पण त्या मानाने तोर्साद क्वचितच दिसते. २००५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नव्या औषधांची हर्गवर चाचणी घेण्याचा प्रघात पडला, तेव्हा काही उपयुक्त रेणूही केवळ या धाकाने टाकून दिले गेले असावेत, अशी टीका होते. मला ती काहीशी पटते. पण टरफेनाडीनचा इतिहास वाचल्यावर धाक निराधार होता असेही म्हणवत नाही.

२०२० मध्ये या दाराशी आपल्यापैकी अनेकांची वैयक्तिक गाठ पडली. त्या वर्षी मार्च महिन्यात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने कोरोना प्रतिबंधासाठी आरोग्यसेवकांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचविले. मीही घेतले. ते हर्ग अडवते, आणि रुग्णांना त्याच्या जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसिन दिले जात होते, ज्याबद्दल अमेरिकेने २०१३ मध्येच इशारा दिला होता. स्वतःसाठी गोळी घेताना मात्र मी ईसीजी काढला. बाईंच्या ईसीजीवरील सहीचा तो परिणाम असावा.

रोजच्या व्यवहारात मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती डॉमपेरिडोनची. आम्लपित्ताच्या औषधाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये ते मिळते आणि लोक महिनोन्‌महिने, कित्येकदा दुकानातून परस्पर आणून, घेत राहतात. युरोपीय औषध संस्थेने २०१४ मध्ये त्याची मात्रा १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीही साधारणतः आठवड्याच्या आत, एवढी मर्यादित केली. शिवाय जोडीचे आम्लरोधक दीर्घकाळ घेतल्यास काहींचे मॅग्नेशियम घटते. एका कॅप्सूलमध्ये एक हात दार अडवतो आणि दुसरा शिल्लक संपवतो.

क्यूटी मोजणे अवघड नाही. नेहमीच्या गतीच्या कागदावर एक लहान चौकट ४० मिलिसेकंदांची असते. दुसऱ्या किंवा व्ही-५ लीडमध्ये टी तरंगाच्या उताराला स्पर्शरेषा काढून ती मूळ रेषेला मिळते तेथवर मोजावे. नाडी जलद असताना १९२० चे बॅझेट यांचे सूत्र क्यूटीसी वाढवून दाखविते. त्याच वर्षीचे फ्रिडेरिशिया यांचे सूत्र तेव्हा बरे. ५०० च्या वर गेलेला आकडा तातडीचा समजावा. यंत्राचा आकडा कधी चुकतो, म्हणून हाताने ताडून पाहावे. पण वाचायचाच नाही, ही चूक यंत्राची नव्हे.

बाई बऱ्या झाल्या. पोटॅशियम पूर्ववत झाले, औषधे शरीरातून गेली, तरी महिन्याभराने काढलेल्या ईसीजीत क्यूटीसी ४८० च्या खाली येईना. म्हणून मी घरातल्यांची चौकशी केली. मुलीची मुलगी, वय दहा वर्षे, दुसऱ्या गावी असते व तिला ‘फिट्स’चे औषध दोन वर्षे चालू आहे, असे कळले. कधी पडते, असे विचारले. आजी म्हणाल्या, ‘‘शाळेची घंटा झाली की, नाहीतर पहाटे गजर वाजला की.’’ पोहताना कोसळणारी मुले बहुधा त्या दुसऱ्या, सावकाश चॅनेलच्या दोषाची असतात. अचानक झालेल्या आवाजाने कोसळणारी हर्गच्या. नातीचा क्यूटीसी ४९० निघाला. दोघींच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा हर्गच्या जनुकातील एकाच जागी बदल सापडला. फिट्सचे औषध हळूहळू बंद केले, प्रोप्रॅनोलॉल सुरू केले, घरातला गजर काढून टाकला. शाळेने तिची जागा घंटेपासून लांबच्या वर्गात केली. टाळावयाच्या औषधांची यादी तिच्या आईने फ्रिजवर चिकटवली आहे.

गेल्या पावसाळ्यात त्या आईचा फोन आला. मुलीला उलट्या होत होत्या आणि त्या औषधाच्या दुकानातूनच बोलत होत्या. दुकानदाराने डॉमपेरिडोन काढून ठेवले होते. ‘‘नाव यादीत आहे, पण अर्धीच गोळी म्हणतायत. देऊ का?’’ मी नको म्हणालो. मीठ-साखरेचे पाणी सुरू करायला सांगितले आणि पोटॅशियम तपासण्यासाठी तिला लगेच घेऊन यायला सांगितले.